सोपे चित्रपुस्तक आणि द्विभाषिक नववाचक

नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलासाठी रचलेले चित्रपुस्तक हा वाङ्मयप्रकार समीक्षेत उपेक्षितच राहिला आहे. पानावर एक चित्र आणि त्याखाली चार शब्दांचे वाक्य. यात चिकित्सेला विषय तो कोणता, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ‘सोपे’ या विशेषणाचा नेमका अर्थ काय, असे विचारताच हा समज डळमळू लागतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरात तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

झाशी जिल्ह्यातील गुरसरायचे उदाहरण घ्यावे. पेशव्यांचे बुंदेलखंडातील कारभारी गोविंदपंत खेर, म्हणजेच इतिहासातील गोविंदपंत बुंदेले, १७६० साली पानिपतच्या मोहिमेत मारले गेले. पुढे गुरसरायची जहागीर खेर घराण्याकडे राहिली. अशा परिसरात जे मराठी घर आपली भाषा राखून आहे, तेथील मुलाच्या कानी घरात मराठी, अंगणात बुंदेली आणि शाळेत हिंदी पडते. अक्षरे मात्र ते एकदाच शिकते आणि तीही हिंदीच्या द्वारा. लिपी एकच असल्याने मराठी वाचन आपोआप साधेल, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

‘आई आली’ हे वाक्य पाहावे. अक्षरांच्या दृष्टीने याहून सोपे वाक्य सुचणे कठीण. पण हिंदीत ‘आई’ या शब्दाचाच अर्थ ‘आली’ असा होतो. ‘मांजर खाली बसले’ या वाक्यातील ‘खाली’ हिंदी वाचकाला रिकामेपण सुचवितो. उलटपक्षी बाळ, फळ, केळे, डोळा हे मुलाच्या नित्य परिचयाचे शब्द. परंतु त्यांतील ‘ळ’ शाळेतील हिंदी वर्णमाला त्याला शिकवीत नाही. म्हणजे ओळखीचे अक्षर त्याला चकविते आणि ओळखीचा शब्द अक्षराअभावी अडतो.

येथेच चित्राचे खरे कार्य सुरू होते. दारातून आत येणारी आई पानावर दिसली, की ‘आई’ या अक्षरांचा अर्थ निश्चित होतो. ‘केळे’ या शब्दाशेजारी केळे रेखाटलेले असले, की मूल आवाजावरून ‘ळ’ हेरते. अशा पुस्तकात चित्र हे संदेह मिटविणारे साधन असते; त्यास केवळ अलंकार म्हणता येणार नाही. मात्र चित्रानेच सर्व काही सांगून टाकले, तर वाचण्याचे कारण उरत नाही. आई आलेली चित्रात दिसावी. तिने पिशवीतून काय आणले, हे वाक्याने सांगावे. चित्र आणि शब्द यांनी अर्थ असा वाटून घेणे हीच या प्रकाराची कला होय.

कोमेनियसने १६५८ मध्ये सचित्र पाठ्यग्रंथ सिद्ध केला, तेव्हापासून शब्द आणि वस्तुचित्र यांची सांगड शिक्षणात रुळली. १९५७ मध्ये डॉक्टर सूस यांनी ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक अवघ्या २३६ निरनिराळ्या शब्दांत लिहिले. या मर्यादेतही त्यांनी खट्याळपणा आणि लय राखली, हे त्यांचे यश. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांनी लहान मुलाच्या घरगुती अनुभवाला असाच सहज शब्द दिला आहे.

भाषांतरकारापुढील अडचण याहून सूक्ष्म आहे. अनेक भाषांत निघणाऱ्या बालपुस्तकांत चित्रे तीच ठेवून मजकूर तेवढा बदलतात. परंतु हिंदी ‘हाथी’ जोडाक्षरविरहित, तर मराठी ‘हत्ती’ जोडाक्षरयुक्त; ‘बिल्ली’त जोडाक्षर आहे, ‘मांजरा’त नाही. शिवाय बिल्ली स्त्रीलिंगी आणि मांजर नपुंसकलिंगी, त्यामुळे क्रियापदही बदलते. मूळ लेखकाने काळजीपूर्वक रचलेली काठिण्याची चढण शब्दशः भाषांतरात मोडून पडते. म्हणून येथे भाषांतरकाराने मूळ वाक्याशी नव्हे, तर चित्राशी आणि नववाचकाच्या अक्षरसामर्थ्याशी इमान राखले पाहिजे. प्रसंगी वाक्य सर्वस्वी नवे लिहावे लागेल. त्यास स्वैरपणा म्हणणे योग्य नव्हे.

साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार दिले आहेत. बालवाङ्मयाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. तथापि प्रतिष्ठेसोबत कसोट्याही हव्यात. बुंदेलखंडातील मराठी मुलाच्या हाती पाचव्या-सहाव्या वर्षी त्याला झेपेल असे मराठी पुस्तक आले नाही, तर त्याची मराठी बोलण्यापुरती उरते. आणि पुढील पिढीत ती केवळ आडनावातून ओळखू येते. सोप्या पुस्तकाची चिकित्सा करताना एवढी गोष्ट समीक्षकाने ध्यानी ठेवावी.