मोटार घरी, पण बस दारी!

मुंबईतील मोटारमालकांना आज आम्ही एक विनंती करणार आहोत. कचेरीस जाण्यायेण्यासाठी त्यांनी आपली मोटार घरी ठेवावी आणि बसने, लोकलने वा मेट्रोने प्रवास करावा. ही विनंती नवी नाही. ती आजवर अनेकांनी केली आणि बहुतेकांनी ऐकून सोडून दिली. असे का घडते याचा विचार केल्यावाचून नुसता उपदेश करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे होय.

प्रथम साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडू. एका मोटारीत दोन माणसे बसली आहेत असे धरले, तरी पन्नास माणसांस पंचवीस मोटारी लागतात. प्रत्येक मोटारीची लांबी व पुढील मोकळे अंतर मिळून ६ मीटर धरल्यास त्यांची रांग १५० मीटर लांब होते. तीच पन्नास माणसे एका बसमध्ये बसली, तर पंधरा मीटरांत काम भागते. म्हणजे मोटारीतील मनुष्य बसमधील मनुष्याच्या दसपट रस्ता व्यापतो. शिवाय ती मोटार उभी करावयास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. ज्या शहरात अख्खे कुटुंब दहा बाय दहाच्या खोलीत संसार करते, त्याच शहरात सार्वजनिक रस्त्यावर एवढी जागा दिवसभर फुकट अडवून ठेवण्यात काही गैर आहे, असे कोणास वाटत नाही, हे नवल नव्हे काय?

परंतु सारा दोष मोटारमालकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १८७४ साली या शहरात सुरू झालेली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. ट्रामची जागा बसने भरून काढावयाची होती. पण ती बसही आज क्षीण झाली आहे. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आज ती संख्या तीन हजारांच्याही खाली आली आहे. बस वेळेवर येत नाही म्हणून मनुष्य मोटार वा स्कूटर घेतो. त्यामुळे रस्ता अधिकच तुंबतो. रस्ता तुंबला की बस आणखी उशिरा येते. या दुष्टचक्रात सर्वाधिक भरडला जातो तो थांब्यावर उन्हापावसात तिष्ठणारा कारकून, कामगार आणि विद्यार्थी. त्याने रस्ता अडविलेला नसतो, तरी खोळंबा मात्र त्याच्याच वाट्यास येतो.

सोय झाली म्हणजे लोक येतात, याचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी लागलीच वाढले. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले. लंडन शहराने फेब्रुवारी २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले. पण तत्पूर्वी तेथे जादा बसगाड्यांची व्यवस्था करण्यात आली होती आणि शुल्काचे उत्पन्न वाहतुकीसाठीच खर्च करण्याचे बंधन कायद्याने घातले होते. आधी बस, मग शुल्क, हा तो क्रम आहे. आपल्याकडे क्रमही नाही आणि निश्चयही नाही. मुख्यत्वे मोटारींच्या उपयोगाच्या किनारी रस्त्यासाठी तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चण्यात आले. तर महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४ हजार कोटींवरील अंदाजपत्रकात बेस्टच्या वाट्यास आले केवळ १००० कोटी!

महापालिका व राज्य सरकार यांनी तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. बसगाड्यांची संख्या वाढवावी. मुख्य रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखून तीत अन्य वाहनांस मज्जाव करावा. आणि रस्त्यावर मोटार उभी करण्याचे रास्त मोल घेऊन ते उत्पन्न बससेवेकडे वळवावे. बसचा तोटा हा तोटा नसून शहराच्या आरोग्यावरील खर्च आहे, हे एकदा मान्य केले पाहिजे.

मात्र हे सारे होईपर्यंत स्वस्थ बसण्याची मुभा मोटारमालकांसही नाही. आज वातानुकूलित लोकल धावतात. २०२५ साली आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण झाली. ज्यांच्या घराजवळ व कचेरीजवळ स्थानक आहे, त्यांची सबब आता उरलेली नाही. रुग्ण, वृद्ध, अपंग आणि अपरात्री काम करणारे यांची गोष्ट निराळी. इतरांनी निदान आठवड्यातून दोन दिवस मोटारीस विश्रांती द्यावी. यात एक लाभ असा की, ज्यांच्या शब्दास सरकारदरबारी वजन आहे, असे लोक थांब्याच्या रांगेत उभे राहू लागले, म्हणजे बस वेळेवर का येत नाही, हा प्रश्न अधिकाऱ्यांस टाळता येणार नाही. रांगेतील सामान्य माणूस हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारीत आहे. त्याच्या आवाजास या नव्या सहप्रवाशांची जोड मिळावी, एवढ्यासाठीच आमची ही विनंती आहे.