विश्लेषण : शंखात राहणारा मासा घरी कसा सांभाळावा?

‘निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस’ हा जगातील सर्वांत लहान सिक्लिड माशांपैकी एक. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा. छोट्या टाकीतही तो रमतो. मात्र शंख, वाळू आणि पाणी चुकले तर टिकत नाही.

शंखच का?

हा मासा आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचा. तेथे तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर आहेत. मोठ्या माशांपासून लपणे, अंडी घालणे, पिल्ले सांभाळणे हे सारे शंखातच चालते.

टाकी कशी हवी?

किमान ४० लिटरची. तळाशी पाच सेंटिमीटर बारीक वाळू आणि माशांपेक्षा जास्त शंख. तोंडाने वाळू उपसून मासा आपली जागा स्वतःच तयार करतो.

पाणी कोणते?

क्षारयुक्त, जड. पीएच ८ ते ९, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस. मासे आणण्यापूर्वी पाणी तपासावे आणि फिल्टर काही आठवडे चालवून टाकी स्थिरावू द्यावी.

कोणती चूक टाळावी?

साफसफाई करताना शंख उचलू नयेत. रिकामा वाटणाऱ्या शंखातही अंडी किंवा पिल्ले असू शकतात.