गॅरेजचे बिल आणि आयकर : टेम्पो-टॅक्सीवाल्यांनी काय ध्यानात ठेवावे?

भिवंडीहून आमच्या दुकानी कापडाच्या गाठी आणणारा टेम्पोवाला परवा हिरमुसून बसला होता. टेम्पोच्या इंजिनाचे काम निघाले. ४८ हजार रुपये एकरकमी रोख मोजले आणि हाती आली साध्या कागदावरची चिठ्ठी. "शेठ, हा खर्च टॅक्समधून कापून मिळेल ना?" असे त्याने विचारले. स्वतःची गाडी स्वतः चालवून रोजी कमावणाऱ्या प्रत्येकाचा हा सवाल आहे, म्हणून आमच्या सी.ए.कडून खात्री करून घेऊन येथे मांडत आहोत.

आयकराच्या दोन वाटा आहेत. पहिली अंदाजी उत्पन्नाची. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एई प्रमाणे वर्षात कधीही १० हून अधिक मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाला ही सवलत आहे. भारासह १२ टनांपर्यंतच्या गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये, त्याहून जड गाडीला दर टनामागे दरमहा १,००० रुपये उत्पन्न धरतात. म्हणजे एका टेम्पोचे वर्षाला ९० हजार. डिझेल, टायर, गॅरेज, घसारा सारे त्यातच आले. दुरुस्तीची वेगळी वजावट नाही. दुसरी कमाई नसेल तर ९० हजारांवर कर शून्य!

टॅक्सी-रिक्षावाल्यांसाठी कलम ४४ एडी आहे. वर्षाची जमा २ कोटींच्या आत असेल तर रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरतात. मात्र ही वाट पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढील पाच वर्षे ती बंद होते.

दुसरी वाट वहीखात्याची. खरा नफा अंदाजाहून कमी असेल किंवा गाड्या १० हून जास्त असतील त्यांनी ही धरावी. येथे नियमाप्रमाणे ऑडिटही करावे लागते. दुरुस्तीचा खर्च वजा होतो तो याच वाटेवर, आणि त्याच्याही अटी आहेत :

१) एका दिवसात एकाच गॅरेजवाल्याला १० हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च कलम ४० ए (३) खाली नामंजूर होतो. चेकने किंवा खात्यातून द्या.

२) आहे ती गाडी चालू ठेवण्याचा खर्च ती 'चालू दुरुस्ती'. नवी वस्तू उभी करणारा खर्च त्यात बसत नाही. त्यावर घसारा मिळतो. सूतगिरणीतील रिंगफ्रेम बदलणे ही चालू दुरुस्ती नव्हे, असे सुप्रीम कोर्टाने २००७ साली सरवणा स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात ठरविले. म्हणून पुरे इंजिन बदलताना आधी सल्ला घ्या.

३) भाड्याने चालणाऱ्या टॅक्सी-ट्रकला ३० टक्के घसारा आहे, गाडी घेतली त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास त्या वर्षी निम्मा.

४) गाडी घरच्या कामालाही वापरत असाल तर धंद्यापुरताच हिस्सा वजा होईल. विम्याने भरून दिलेली रक्कम आणि वाहतूक पोलिसांचा दंड खर्चात धरता येत नाही.

कलमांचे हे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा कायदा आहे आणि त्यात क्रमांक वेगळे आहेत.

आता आमच्या टेम्पोवाल्याचे पाहू. वहीखात्यात त्याचे ४८ हजार रोख म्हणून बाद झाले असते. अंदाजी वाटेवर त्या चिठ्ठीने काही बिघडत नाही. हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. पण आम्ही विचारले, "रिटर्न भरतोस का?" तर म्हणाला, "कर लागत नाही, मग कशाला?" मागच्या वर्षी दुसऱ्या टेम्पोच्या कर्जासाठी बँकेत गेला, तेव्हा रिटर्न मागितले आणि रिकाम्या हाताने परतावे लागले. खरे नुकसान झाले ते हे.

आम्हा व्यापाऱ्यांचेही एक काम आहे. १० पर्यंत गाड्या असलेल्या वाहतूकदाराने तसे लेखी निवेदन आणि पॅन नंबर दिला तर भाड्यातून टी.डी.एस. कापावा लागत नाही. भाडे देताना तो कागद मागून घ्या, त्यात दोघांचा फायदा आहे.

गाडीवाल्या बंधूंनो, गॅरेजचे पक्के बिल घ्या, पैसे खात्यातून द्या आणि कर शून्य असला तरी रिटर्न भरा. रस्त्यावर गाळलेल्या घामाचा कागदोपत्री पुरावा तोच आहे.