डिस्कचा सातबारा

कोपरगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला, माझ्या नजरेसमोर, एक कागद चिकटवलाय. त्यावर एकच ओळ आहे : 'आधी एलएसबीएलके, मग एंटर.' हा कागद तिथे का लागला, ते आधी सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई. तालुक्यातला एक तरुण फोटोग्राफर हार्डडिस्क घेऊन आला. "दादा, मधेच बंद पडती ही. बघून ठेवा, संध्याकाळी नेतो." मी ती माझ्या लिनक्सच्या मशीनला लावली. त्याच मशीनवर एका विद्यार्थ्यासाठी पेनड्राइव्हवर लिनक्स भरायचं काम चाललं होतं. मशीनने फोटोग्राफरच्या डिस्कला नाव दिलं 'एसडीबी' आणि पेनड्राइव्हला 'एसडीसी'. मी एसडीसीवर भरायची आज्ञा दिली. काम अर्ध्यावर असताना लाइट गेली. लाइट आल्यावर मशीन चालू केलं, वरच्या बाणाचं बटण दाबून मघाचीच आज्ञा परत आणली आणि एंटर मारलं. दिवा लुकलुकायला लागला तो हार्डडिस्कचा. पेनड्राइव्ह शांत होता.

मशीन नव्याने सुरू होताना या खेपेला पेनड्राइव्ह आधी सापडला, म्हणून तो 'बी' झाला आणि डिस्क 'सी' झाली. मशीनने काहीच चुकीचं केलं नव्हतं. ही नावं रांगेतल्या नंबरासारखी असतात, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं.

नाव बनतं असं. 'एसडी' ही अक्षरं स्कझी डिस्कवरून आली. ती जुनी जोडणी घरच्या कॉम्प्युटरमध्ये आता दिसत नाही, पण साटा आणि यूएसबीच्या डिस्कनाही लिनक्स तेच नाव देतं. तिसरं अक्षर सापडण्याच्या क्रमाचं : ए, बी, सी. शेवटचा आकडा पार्टिशनचा, म्हणजे हिश्शाचा. 'एसडीए२' म्हणजे पहिल्या डिस्कचा दुसरा हिस्सा. नव्या लॅपटॉपमध्ये 'एनव्हीएमई०एन१पी२' असं लांबलचक नाव दिसतं. त्यात कंट्रोलर शून्य, कारण मोजणी शून्यापासून. त्यावरची नेमस्पेस एक. आणि पार्टिशन दोन. डिस्कचं नावच आकड्यावर संपतं, म्हणून मधे 'पी' घालतात. नाहीतर एक आणि दोन मिळून बारा वाचले जातील.

आकड्यांमागेही इतिहास आहे. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी कॉम्प्युटरबरोबर पार्टिशनची जी पद्धत आली, तिच्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी हिश्शांच्या नोंदीला फक्त ६४ बाइट होते. एका नोंदीला १६ लागतात, म्हणून हिस्से चारच. जास्त हवे असतील तर चारांपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात आणखी हिस्से पाडायचे. आपल्याकडे गटाचे पोटहिस्से पडतात, तसंच. या पोटहिश्शांना लिनक्स पाचापासून आकडे देतं. त्यामुळे एखाद्या जुन्या डिस्कवर दोननंतर थेट पाच दिसला, तर तीन आणि चार हरवले असं समजू नये. आताच्या जीपीटी पद्धतीत साधारण १२८ नोंदींची सोय असते.

शब्दांचा घोळ याहून मोठा. लिनक्सवाला ज्याला पार्टिशन म्हणतो, त्याला या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फ्रीबीएसडीवाला 'स्लाइस' म्हणतो, आणि त्या स्लाइसच्या आत जे तुकडे पडतात त्यांना पार्टिशन. 'एडीए०एस१ए' म्हणजे तिथे पहिल्या डिस्कच्या पहिल्या स्लाइसमधलं 'ए' पार्टिशन. आमच्या आण्णांच्या पेटीतल्या जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर आहे आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. १९४७च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं आणि नंबर बदलले. कोणता कागद कोणत्या पद्धतीचा, हे बघितल्याशिवाय आकड्यावर बोट ठेवायचं नाही, हे आण्णांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

मग पक्की ओळख कुठली? पार्टिशनवर फाइल सिस्टिम तयार होते तेव्हा तिला एक यूयूआयडी मिळतो. तो बहुधा १२८ बिटांचा असतो. केबल बदला, यूएसबीचं तोंड बदला, तो तसाच राहतो. फॉरमॅट केलं की मात्र नवा येतो. युनिक्सच्या कुळात विंडोजसारखे सी, डी असे वेगळे ड्राइव्ह नसतात. एकच झाड असतं आणि प्रत्येक पार्टिशन त्याच्या एखाद्या फांदीला, म्हणजे फोल्डरला, 'माउंट' होतं. कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं हे 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत लिहितात. तिथे एसडीबी१ लिहू नका, यूयूआयडी लिहा.

त्या डिस्कचं पुढे काय झालं? जीपीटी आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं. त्यावरून हिश्शाची हद्द सापडली. मग फोटोंच्या आतल्या खुणांवरून एकेक फोटो उचलावा लागला. दोन रात्री मशीन चालू होतं. फोटो आले, पण फाइलींची नावं आणि तारखा गेल्या. जिथे लिनक्स लिहिलं गेलं होतं, ती सुरुवातीची तीनेक जीबी कायमची गेली. त्यात एका लग्नाची हळद होती. फोटोग्राफरबरोबर मी त्या घरी गेलो आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. मुलीच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "मेंदीचे तरी आहेत ना?" होते.

आता कुणाचीही डिस्क लावली की मी आधी एलएसबीएलके, म्हणजे जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा, चालवतो. यादीतल्या नावाआधी आकार आणि मॉडेल वाचतो. जिचं काम नाही ती डिस्क काढून टेबलावर ठेवतो. आज्ञेतही एसडीसी लिहीत नाही. मॉडेल आणि सीरियल नंबर असलेलं लांब नाव लिहितो, जे लिनक्स 'बाय-आयडी' फोल्डरमध्ये देतं. टाइप करायला थोडा वेळ जातो. शिकायला येणाऱ्या मुलांनाही मी तेच लांब नाव टाइप करायला लावतो, आणि एंटर मारण्याआधी मोठ्याने वाचायला.