खंडेनवमीची राहून गेलेली सेवा

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, जवळ आली की घरोघरी शस्त्रे, अवजारे व वाहने उजळू लागतात. पूर्वी नांगर, कोयता, विळा आणि बैलगाडी ह्यांची पूजा होत असे. आता त्यांच्या जोडीला मोटार आली आहे. दारातली मोटार धुतली जाते, काच लखलखते, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. परंतु ज्या पायतळावर आपण वर्षभर पाय ठेवतो, त्या गालिच्याच्या मॅटकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

हे आम्ही दुसऱ्यास सांगावे, असा आमचा अधिकार नव्हे. आम्हांसच ते एका माउलीने शिकविले. नवरात्रातील कीर्तनांसाठी मुळशी तालुक्यात आमचे जाणे-येणे असते. पाऊस सरलेला, आंबेमोहोर पोटरीला आलेला, वाटा मात्र अजून ओल्या. खाचरांच्या बांधावरून चिखलाच्या पायांनी गाडीत बसावे, असा आमचा क्रम. एका वर्षी आम्ही घाईघाईने मॅट धुतल्या आणि अर्धओल्याच गाडीत अंथरल्या. दोन दिवसांनी पौडपलीकडच्या एका गावी कीर्तनास गेलो. यजमानांच्या वृद्ध मातोश्री गाडीला ओवाळावयास आल्या, दार उघडताच थबकल्या आणि म्हणाल्या, “बुवा, हार बाहेर घातलाय खरा, पर आत नुसता कुबट वास येतोय.” त्या रात्री आमच्या निरूपणाचा विषय चित्तशुद्धी हा होता! मॅट उचलून पाहिली, तो खाली पांढरी बुरशी आणि पत्र्यावर गंजाचा पहिला डाग.

पतंजलींनी पाच नियम सांगितले, त्यांत पहिला शौच होय. श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत शौचाची गणना आहे आणि सोळाव्यात दैवी संपत्तीतही आहे. शौच म्हणजे दिसणारा भाग घासणे नव्हे. महाभारताच्या द्रोणपर्वातला प्रसंग आठवावा. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात घोडे थकले. अर्जुनाने बाणाने भूमी भेदून जलाशय निर्माण केला. आणि प्रत्यक्ष भगवंतांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगात रुतलेले बाण उपसले, त्यांना हातांनी चोळले, न्हाऊ घातले, पाणी पाजले. वाहनाची सेवा हलकी नव्हे, ह्याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

आता ती सेवा कशी करावी ते सांगतो. नवमीच्या तीन-चार दिवस आधीचा उन्हाचा दिवस निवडावा. चिखल ओला असताना मुळीच घासू नये. तो तंतूंत अधिक मुरतो. आधी वाळू द्यावा. मग मॅट गडग्यावर पालथी टाकून मागच्या बाजूने काठीने झोडपावी. आत बसलेली माती आपोआप खाली पडते. नंतर ताठ झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने उलटसुलट दोन्ही दिशांनी झाडावी. वास असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि काही तासांनी झाडून काढावा.

धुताना अर्ध्या बादलीत चमचाभर सौम्य धुण्याची पावडर पुरे. साबण जास्त झाला तर तो तंतूंतच राहतो आणि नवी धूळ धरून ठेवतो. पाणी साधे अथवा कोमट घ्यावे. कढत पाण्याने मागचे रबर व डिंक सुटतो. मऊ ब्रशाने फेस चोळावा, डाग कडेकडून आत टिपत यावा आणि फेस जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने निथळावे. मॅट पिळू नये. जुन्या पंचात गुंडाळून वरून दाबावी. मग दोरीवर दोन्ही बाजूंनी वाळवावी. आश्विनात मुळशीकडे दव पडते, म्हणून सायंकाळी आत घ्यावी. कोरडा तळहात दाबून पाहावा; गारवा जाणवला तर आणखी एक दिवस थांबावे. मॅटखालचा गाडीचा तळही पुसून कोरडा करावा.

पूजेतल्या डागांचे शास्त्र वेगळे आहे. हळद सांडली तर साबण किंवा सोडा प्रथम लावू नये. क्षाराने हळद लाल होते; चुन्याच्या योगाने हळदीचे कुंकू होते ते ह्याच न्यायाने. आधी कोरडी झटकावी, मग नुसत्या पाण्याने टिपावी. उरलेला पिवळेपणा ऊन हळूहळू उडविते. निरांजनातील तेल सांडले तर त्यावर अरारूट किंवा टाल्कम पावडर टाकून ते शोषून घ्यावे, मगच साबण लावावा. पूजेच्या वेळी मॅटवर जुने वर्तमानपत्र अंथरले, तर ह्यातले काहीच करावे लागणार नाही.

चालकाच्या पायाखालची मॅट परत बसविताना तिच्या आकड्यात घट्ट अडकवावी. तिच्यावर दुसरी मॅट टाकू नये. सरकलेली मॅट पेडलखाली अडकून प्राणघातक अपघात होतात. ह्याच कारणास्तव अमेरिकेत २००९ साली सुमारे ३८ लाख मोटारींच्या मालकांना मॅट काढून ठेवण्याची सूचना द्यावी लागली.

शेवटी एक कळकळीची विनंती. ही धुलाई नदीकाठी किंवा धरणाच्या पाण्यात करू नये. अंगणातच करावी आणि साबणाचे पाणी घराच्या मोरीत सोडावे. मुळशीतून निघालेली मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा म्हणून विठुरायाच्या पायांपुढून वाहते. आपल्या गाडीचा साबण व तेलकट मळ त्या पाण्यात सोडून वर पंढरीत तीर्थ म्हणून तेच मस्तकी लावावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी झाडलोट, मग हरिनाम, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

वाचकहो, ह्या वर्षी हार घालण्यापूर्वी गाडीचे दार उघडून एकदा खाली वाकून पाहा. पायतळ स्वच्छ, कोरडे आणि जागच्या जागी घट्ट असेल, तर त्याच गाडीतून दशमीस केलेले सीमोल्लंघन निर्विघ्न होईल. आपट्याचे सोने लुटून सर्वजण सुखरूप घरी परतोत, हीच श्रीजगदंबेच्या चरणी प्रार्थना.