रुग्णाचे स्वतःचे मोजमाप : मानसिक विकार आणि रोजचे काम

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच्या लाभक्षेत्रात धानाची रोवणी सुरू झाली म्हणजे एकही हात रिकामा राहत नाही. अशा दिवसांत बांधीवर न आलेल्या स्त्रीस आळशी ठरविण्यास गावास फारसा वेळ लागत नाही. कित्येक रात्री तिला झोप नसेल, ती नैराश्याने ग्रस्त असेल, ही शंका क्वचितच कोणास येते.

नैराश्य व चिंताविकार हे सामान्य मानसिक विकार होत. त्यांचे निदान लक्षणांवरून केले जाते. परंतु आजाराने दैनंदिन जीवन किती विसकटले, हे केवळ लक्षणांवरून पुरते कळत नाही. सारखीच उदासी असलेल्या दोघांपैकी एक जण कामावर जातो, तर दुसऱ्यास अंघोळही जड होते. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या प्रश्नावलीच्या दुसऱ्या आवृत्तीची पुस्तिका २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्या लहान स्वरूपात १२ प्रश्न आहेत. घरची जबाबदारी पार पाडणे, एक किलोमीटर चालणे, कपडे घालणे, कामात लक्ष लावणे, अनोळखी माणसांशी वागणे अशा गोष्टींत गेल्या ३० दिवसांत किती अडचण आली, हे रुग्ण स्वतःच ५ श्रेणींत सांगतो. किती दिवस काम मुळीच करता आले नाही, हेही विचारले जाते.

प्रश्न ‘काम केले का?’ असा नसून ‘किती अडचण आली?’ असा आहे, हे येथे महत्त्वाचे. स्वयंपाक, गुरे, मुले सारे सांभाळणारी स्त्री बाहेरून ठीकच दिसते. त्यासाठी तिला मनाशी किती झगडावे लागते, ते तीच सांगू शकते. अर्थात या उत्तरांनाही मर्यादा आहेत. निराश मनुष्य स्वतःस कमी लेखतो, तर लाजेपोटी दुसरा अडचण लपवितो. शिवाय रोवणीचे ३० दिवस आणि उन्हाळ्यातील ३० दिवस सारखे नसतात. म्हणून गुणांवरून निदान करावयाचे नसते. त्याच व्यक्तीची आधीची व नंतरची उत्तरे ताडून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित, परंतु डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांची मदत मिळालेल्या गटात लक्षणे तर घटलीच, शिवाय दैनंदिन अडचणी आणि कामाविना गेलेले दिवसही कमी आढळले. कुटुंबाच्या दृष्टीने हा दुसरा लाभ बहुधा अधिक मोलाचा.

निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखविता येतात. मात्र सासू वा पती शेजारी बसले असता सुनेचे उत्तर बदलते. तेव्हा विचारणाऱ्याने प्रथम एकांताची सोय करावी. आधार हवा असल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.