थोरल्यांच्या मधोमध

काठमांडूच्या बाजारात येणारा परदेशी माल बहुधा कोलकात्याच्या बंदरात उतरतो. तिथे कंटेनरला सील लागते, मालगाडी रक्सौलपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर धावते, सीमा ओलांडून वीरगंजच्या ड्रायपोर्टमध्ये थांबते आणि मग ट्रक घाट चढून राजधानी गाठतात. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस हे सगळे भारतातूनच जाते. उत्तरेला चीनच्या बाजूने रसुवागढी आणि तातोपानी ही दोन मुख्य नाकी आहेत, पण दोन्ही हिमालयातल्या अरुंद घळींमध्ये वसलेली. २०१५च्या भूकंपानंतर तातोपानीचे नाके जवळजवळ चार वर्षे बंद होते. ८ जुलै २०२५ रोजी आलेल्या पुराने रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून नेला. चीनने आपली चार सागरी बंदरे नेपाळला कागदोपत्री खुली केली आहेत. त्यांतले तियानजिन काठमांडूपासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे.

नेपाळच्या परराष्ट्र धोरणाबद्दल बोलायचे तर हा रस्त्यांचा हिशेब आधी समोर ठेवावा लागतो. दिल्लीत आणि आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही ‘नेपाळ चीनच्या कच्छपी लागला’ असे मथळे अधूनमधून येतात. ते वाचताना प्रश्न पडतो, की ज्या देशाची चूल दक्षिणेकडून पेटते तो उत्तरेकडे जाऊन जाऊन किती जाणार? आणि तरीही तो पुन्हा पुन्हा तिकडे का पाहतो?

लहान देशांच्या मुत्सद्देगिरीचा विषय निघाला, की ‘दोघांपासून समान अंतर’ हे सूत्र सांगितले जाते. मला ते पटत नाही. समान अंतर भूगोलच राखू देत नाही. नेपाळ, फिनलंड, श्रीलंका, सिंगापूर यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला तर वेगळीच गोष्ट दिसते. या देशांचा तोल बहुतेक वेळा घरात सांभाळला गेला आणि घरातच गेला. सत्तेसाठी भांडणाऱ्या गटांपैकी कुणी बाहेरच्या सत्तेला आपल्या बाजूने उभे केले, की त्या देशाची हालचालीची जागा आक्रसत गेली.

गोरखा राज्याचा विस्तार करून आजच्या नेपाळचा पाया घालणाऱ्या पृथ्वीनारायण शाह यांचे निधन १७७५ साली झाले. आपले राज्य दोन प्रचंड शिळांमध्ये सापडलेल्या कंदासारखे आहे, असे त्यांनी आपल्या वारसांना बजावल्याचे नेपाळमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वारसांनी ते फारसे मनावर घेतले नाही. तिबेटवर स्वारी केली आणि १७९२ मध्ये छिंग बादशहाची फौज काठमांडूच्या अलीकडे नुवाकोटपर्यंत येऊन ठेपली. ईस्ट इंडिया कंपनीशी युद्ध झाले आणि १८१६ मध्ये सुगौलीच्या तहाने कुमाऊँ, गढवाल आणि सिक्कीमकडचा मुलूख गेला. यानंतर पंतप्रधानपद वंशपरंपरेने भोगणाऱ्या राणा घराण्याने वेगळा मार्ग धरला. ब्रिटिशांना गुरखा सैनिक द्यायचे, त्यांच्याशी कधीही वाकडे जायचे नाही आणि त्या बदल्यात घरात आपली पिढीजात सत्ता निर्वेध ठेवायची. देश वसाहत होण्यापासून वाचला हे खरे. पण तो वाचला म्हणजे शंभर वर्षे शाळा, रस्ते आणि राजकीय हक्कांवाचून राहिला, हेही त्याच सौद्यात आले.

त्या सौद्याचा शेवटचा कागद म्हणजे ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार. नेपाळच्या बाजूने त्यावर पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी सही केली आणि भारताच्या बाजूने राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. पंतप्रधानाच्या समोर राजदूत, ही विषमता नेपाळी माणूस आजही विसरलेला नाही. त्या वेळी राणांना आपल्याच देशातल्या चळवळीची धास्ती होती आणि दिल्लीच्या आधाराची गरज होती. करारानंतर सात महिन्यांच्या आत त्यांची राजवट कोसळली, करार मात्र मागे राहिला. त्यातले दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याचे आणि व्यापार करण्याचे हक्क नेपाळच्या लक्षावधी कुटुंबांचा आधार आहेत. संरक्षणविषयक सल्लामसलतीची आणि शस्त्रखरेदीची बंधने मात्र सलत राहिली.

राणांनंतर सत्ता पुन्हा शाह राजांकडे आली. त्यांतले राजे महेंद्र यांनी या चौकटीत जेवढी जागा होती तेवढी सगळी वापरली. १९५५ मध्ये चीनशी राजनैतिक संबंध जुळले, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये महेंद्र यांनी पेकिंगमध्ये सीमाकरार केला आणि काठमांडू ते चीनच्या सीमेवरचे कोदारी हा रस्ता बांधण्याचा करारही केला. दिल्ली नाराज झाली. पुढच्याच वर्षी भारत-चीन युद्ध झाले आणि नेपाळशी बिघडवून चालणार नाही हे दिल्लीला उमगले. महेंद्र राजमार्ग नावाचा पूर्व-पश्चिम महामार्ग नकाशावर पाहावा. त्याचा एक तुकडा सोव्हिएत संघाने बांधला, एक ब्रिटनने, काही भारताने. शीतयुद्धातले हाडवैरी एकाच रस्त्यावर डांबर टाकत होते. तो रस्ता होईपर्यंत पूर्व नेपाळातून पश्चिम नेपाळात जायला अनेकदा भारतातून फिरून जावे लागे.

पण महेंद्र यांच्या कर्तबगारीची दुसरी बाजू विसरता येत नाही. १९६० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त करून त्यांना तुरुंगात टाकले होते. नेपाळी काँग्रेसचे नेते भारतात आश्रयाला आले, तिथून सशस्त्र प्रतिकार सुरू झाला. दिल्लीविरुद्ध ताठ उभे राहणे ही राजाची घरगुती गरज बनली आणि लोकशाहीची मागणी करणाऱ्यावर ‘भारताचा हस्तक’ असा शिक्का मारायची सोय झाली. नेपाळच्या राजकारणाला लागलेली ही सवय अजून सुटलेली नाही.

याच काळात बाल्टिक समुद्राच्या काठी फिनलंड असाच प्रश्न सोडवत होते. चाळीस लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि सोव्हिएत संघाशी तेराशे किलोमीटरची सीमा. दोन युद्धे लढून फिनलंडने सुमारे एक दशांश भूभाग गमावला आणि तिथून आलेल्या चार लाखांवर माणसांना उरलेल्या देशात जमिनी आणि घरे दिली. ३० कोटी डॉलरची युद्धखंडणी जहाजे, यंत्रे, लाकूड या रूपात भरायची होती. ती १९५२ पर्यंत त्यांनी पूर्ण भरली, आणि ती भरता भरता जहाजबांधणीचा आणि यंत्रनिर्मितीचा उद्योग उभा केला. मॉस्कोची मर्जी राखण्यासाठी अमेरिकेची मार्शल मदत नाकारली. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला, पण त्यात मोठ्या सत्तांच्या संघर्षाबाहेर राहण्याची आपली इच्छा नोंदवून घेतली. पासिकिवी आणि त्यांच्यानंतरचे केक्कोनेन या दोन राष्ट्राध्यक्षांनी हे धोरण चालवले. हेलसिंकीच्या वेशीवरचा पोर्कला हा भाग १९५६ मध्ये सोव्हिएत फौजांनी परत केला, तेव्हा त्या सबुरीचे फळ लोकांना डोळ्यांनी दिसले.

या धोरणाची किंमतही मोठी होती. १९५८ मध्ये न आवडलेले सरकार मॉस्कोने व्यापारी बोलणी थांबवून पाडले. १९६१ मध्ये केक्कोनेन यांच्याविरुद्ध विरोधकांनी होन्का यांना उभे केले होते. निवडणुकीच्या तोंडावर सोव्हिएत संघाने लष्करी सल्लामसलतीची मागणी करणारे पत्र पाठवले. केक्कोनेन क्रुश्चेव्ह यांना भेटायला नोवोसिबिर्स्कला गेले, होन्का यांनी माघार घेतली आणि केक्कोनेन सहज निवडून आले. पाव शतक ते पदावर राहिले. वर्तमानपत्रे आणि प्रकाशक शेजाऱ्याला झोंबेल असे छापायला कचरू लागले. फिनलंडचे कौतुक करणारे हा भाग गाळतात, टीका करणारे फक्त हाच भाग सांगतात. पण संसद, न्यायालये, स्थानिक स्वराज्य आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून तयार झालेले राखीव सैन्य या गोष्टींना कुणी हात लावला नाही. १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाशी मुक्त व्यापाराचा करार झाला. त्यामुळे युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोत गेले तेव्हा त्याला सेना, अर्थव्यवस्था किंवा सहमती नव्याने उभारावी लागली नाही.

नेपाळला असा पाया घालायला सवड मिळाली नाही, आणि जी मिळाली ती राजांनी दवडली. २५ फेब्रुवारी १९७५ रोजी, आपल्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी महेंद्र यांचे पुत्र राजे बीरेंद्र यांनी नेपाळला ‘शांतताक्षेत्र’ मानावे असा प्रस्ताव मांडला. शेजारच्या सिक्कीमची वाटचाल तेव्हा विलीनीकरणाकडे चालली होती. यशवंतराव चव्हाण त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री होते. मे महिन्यात सिक्कीम भारताचे बाविसावे राज्य झाले. आपल्याकडे ही एक सुरळीत पार पडलेली घटना म्हणून नोंदली गेली. काठमांडूच्या राजवाड्यात ती कशी दिसली असेल याचा विचार फार थोड्यांनी केला. शांतताक्षेत्राच्या प्रस्तावाला शंभरहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. भारताने दिला नाही, कारण त्यात १९५० च्या करारातून निसटण्याचा प्रयत्न दिसत होता.

पुढे १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफांसह शस्त्रे घेतली. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमनाच्या करारांची मुदत संपली. भारताने दोन नाकी सोडून बाकीची बंद केली. रॉकेल संपले, लोकांनी जंगलांतली झाडे चुलीसाठी तोडली. चीनने सहानुभूती व्यक्त केली, पण मालाचा तुटवडा भरून काढणे त्याला शक्य नव्हते. एप्रिल १९९० मध्ये जनआंदोलनापुढे राजाची पक्षविरहित पंचायत राजवट वाकली. ज्या राजाला घरात जनतेचा भक्कम आधार नव्हता, त्याला बाहेरचा दाब वर्षभरच सोसता आला.

बाकीच्या शेजाऱ्यांचे थोडक्यात सांगतो. भूतानने १९४९ च्या करारातले भारताच्या मार्गदर्शनाचे कलम २००७ मध्ये गाजावाजा न करता बदलून घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाशीही त्याने राजनैतिक संबंध ठेवलेले नाहीत. मालदीवमध्ये २०२३ ची निवडणूक ‘इंडिया आउट’च्या घोषणेवर लढली गेली, आणि ती जिंकलेले राष्ट्राध्यक्ष मुइझूच वर्षभरात परकीय चलनासाठी दिल्लीत आले. श्रीलंकेने १९५२ मध्ये, साम्यवादविरोधी सरकार असतानाही, चीनशी रबराच्या बदल्यात तांदळाचा करार केला आणि त्यापायी अमेरिकेचा रोष पत्करला. लोकांच्या ताटात भात हवा होता, एवढे साधे त्याचे कारण होते. त्याच देशाने पुढे कर्ज घेऊन हंबनटोटाचे बंदर बांधले आणि २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला दिले. दोन निर्णयांमध्ये फरक आहे तो राज्यकर्त्यांनी कुणाची गरज पाहिली याचा.

सिंगापूरची गोष्ट शहरराज्याची, म्हणून तिचा धडा सर्वांना लागू होत नाही. पण एक गोष्ट घेण्याजोगी आहे. मोठा देश लहान देशात सैन्य घुसवतो तेव्हा सिंगापूर विरोधात मत देते, मग तो मोठा देश मित्र असो वा नसो. कंबोडियाबाबत व्हिएतनामला, १९८३ मध्ये ग्रेनाडाबाबत अमेरिकेला आणि २०२२ मध्ये युक्रेनबाबत रशियाला त्याने विरोध केला. त्यामुळे त्याचा विरोध कुणाच्या सांगण्यावरून आला, असे कुणी म्हणत नाही.

आता २०१५ कडे येऊ. एप्रिलच्या भूकंपात जवळपास नऊ हजार माणसे गेली होती. २० सप्टेंबरला नवे संविधान जाहीर झाले. तराईतल्या मधेशी समाजाला त्यात आपल्यावर अन्याय दिसला आणि आंदोलकांनी वीरगंजच्या पुलावर ठाण मांडले. ट्रक आंदोलनामुळे अडले, ही भारताची अधिकृत भूमिका होती. नेपाळी जनतेने मात्र त्याला नाकाबंदीच म्हटले, आणि आंदोलन नसलेल्या नाक्यांवरही इंधनाचे टँकर का अडले, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. नेपाळ आयल निगम गॅसचा अर्धाच भरलेला सिलिंडर देऊ लागले. ज्यांची घरे पडली होती ती कुटुंबे हिवाळ्यात पत्र्याखाली लाकडे जाळत बसली. मधेशींची तक्रार खरी होती, आणि ती काठमांडूने ऐकायला हवी होती. ती सीमेवरच्या दाबाशी जोडली गेली आणि त्यांच्याच देशात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओली यांना राष्ट्रवादाचे भांडवल मिळाले. मार्च २०१६ मध्ये ते पेकिंगला गेले आणि पारगमनाचा करार करून आले.

त्यानंतर प्रत्येक प्रकल्पाला पक्षाचा रंग चढला. ५० कोटी डॉलरच्या अमेरिकी अनुदानाचा मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन (एमसीसी) करार २०१७ मध्ये झाला. त्यात वीजवाहिन्या आणि रस्ते होते. संसदेने तो मंजूर करायला फेब्रुवारी २०२२ उजाडले. बाहेर रस्त्यावर दगडफेक आणि अश्रुधूर चालू होता आणि सरकारातले पक्षच एकमेकांविरुद्ध बोलत होते. चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेवर २०१७ मध्येच सही झाली होती, तिथेही वर्षानुवर्षे एकही प्रकल्प पुरा झाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उठावाने ओली सरकार गेले. ती मुले भ्रष्टाचाराविरुद्ध आणि समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. लगेच उठावामागे परकी हात शोधणे सुरू झाले. माझ्या मते हा त्या मुलांचा अपमान होता.

आज खरी कसोटी विजेची आहे. जानेवारी २०२४ च्या करारानुसार दहा वर्षांत १०,००० मेगावॅट वीज नेपाळकडून घेण्याचे भारताने मान्य केले आहे. मात्र चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार असलेल्या धरणाची वीज भारत घेत नाही. म्हणजे नेपाळच्या नदीवर धरण कुणी बांधायचे हे बऱ्याच अंशी दिल्लीच्या खरेदीच्या नियमांवर ठरते. आपल्या सुरक्षेची काळजी मला समजते. पण या नियमाचा जाच काठमांडूला किती होतो, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही.

१९५० च्या करारासह सगळ्या संबंधांचा फेरविचार करण्यासाठी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये मान्यवरांचा एक गट नेमला होता. नेपाळच्या बाजूचे प्रमुख भेखबहादूर थापा, तर भारताच्या बाजूचे प्रमुख भगतसिंह कोश्यारी. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. गटाने एकमताने अहवाल तयार केला, २०१८ मध्ये काम संपवले. पण दिल्लीत पंतप्रधानांना तो सादर करण्याची वेळच आली नाही. दोन्ही देशांच्या माणसांनी एकत्र बसून लिहिलेला हा कागद दिल्लीने हाती घ्यावा, छापावा आणि त्यावर दोन्ही संसदांत चर्चा होऊ द्यावी. या वेळी नव्या करारावर सही करायला पंतप्रधानासमोर पंतप्रधान बसावा.